नूकरत्नमच्या तीनशे कुंड्या

नूकरत्नम आमच्या नर्सरीत कामाला आली त्याला आता बावीस वर्षं झाली. तिला ठेवून घ्यायला मी अजिबात तयार नव्हतो. ती मेट्टेची, म्हणजे येलेश्वरमच्या वरच्या अंगाला जिथे कालवा पोचतच नाही, त्या कोरडवाहू माळावरची. आम्ही कडियमची माणसं गोदावरीच्या कालव्याकाठी जन्मलेली. पुढच्या दारी पाणी, मागच्या दारी पाणी. "पाणी घालायच्या कामावर मेट्टेची बाई? ती झाडांना चमच्याने पाजेल," असं मी माझ्या बायकोला म्हणालो. ते वाक्य मला इतकं आवडलं, की पुढचे आठ दिवस भेटेल त्याला ऐकवत सुटलो.

बायकोने, म्हणजे अनंतलक्ष्मीने, एवढंच विचारलं, "तिचा नवरा गंगराजू तुमच्या लॉऱ्या भरतो, तो चालतो. त्याची बायको का चालत नाही?"

उत्तर नसलं की मी चिडतो आणि मग समोरच्याचं ऐकतो. अशी नूकरत्नम कामावर लागली.

तेव्हा ती पंचविशीची असेल. काळी, काटक, बोलणं कमी. इतर बायका पाइप धरून रांगेतून चालत आणि प्रत्येक कुंडीवर सारखीच धार सोडत. आमच्याकडे पाणी घालणं म्हणजे तेच. ही मात्र पाइप खांद्यावर टाकून आधी कुंडीची कड दोन बोटांनी उचलून बघायची. जड लागली तर पुढे. हलकी लागली तर पाणी, तेही खालच्या भोकातून थेंब निघेपर्यंतच. एक रांग संपवायला तिला दुप्पट वेळ लागायचा.

"वदिना, कुंड्या जोखतेस की बाळं?" मंगायम्मा म्हणायची. ही तिच्याच तुकडीतली, तिला वदिना म्हणजे वहिनी म्हणणारी, जिभेने तिखट. "मेट्टेला पाण्याचा दुष्काळ, इथे कालवा फुकट वाहतोय. घाल की मनसोक्त!"

"कालवा वाहतोय म्हणून तू दिवसभर पितेस का?" नूकरत्नम म्हणायची आणि पुढची कुंडी उचलायची.

मी हे सगळं लांबून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बाई आळशी नाही, पण वेडी आहे. तिला काढून टाकायचं दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा कुठल्या तरी लॉरीची गडबड निघाली आणि ते राहून गेलं.

तिसऱ्या वर्षी क्रोटनच्या आठशे कुंड्यांना रोग लागला. निदान आम्हाला रोगच वाटला. पानांची टोकं करपायला लागली, मग कडा, मग पानं गळायला लागली. आमचा मेस्त्री चिट्टय्या, म्हणजे सगळ्या कामगारांवरचा मुख्य, तीस वर्षांचा जुना माणूस. तो म्हणाला, झाडं उपाशी आहेत, युरिया वाढवू. युरिया वाढवला. पानं आणखी करपली. औषध फवारलं. काही नाही. मी डोक्याला हात लावून बांधावर बसलो होतो, तर ही माझ्यासमोर एक कुंडी घेऊन उभी राहिली.

"बाबूगारू, ही वरची पांढरी खपली बघा."

कुंडीच्या काठाला आणि मातीवर पांढुरका थर धरला होता.

"बुरशी असेल," मी म्हणालो.

तिने बोटाने खरवडून ते जिभेला लावलं. "खारट आहे. आमच्या गावाला असं पाणी विहिरीला लागतं. खत साचलंय. झाडं उपाशी नाहीत, त्यांना अजीर्ण झालंय."

"मग काय करायचं?"

"पाणी घालायचं. खूप. खालून धो धो वाहीपर्यंत, दिवसातून तीनदा. आणि खताचं पोतं महिनाभर उघडायचं नाही."

चमच्याने पाजणारी बाई मला कालवा ओतायला सांगत होती! चिट्टय्या हसला, पण मी चिडलेलो होतो आणि चिडलो की मी कुणाचंही ऐकतो. आठवडाभर धुतल्यावर करपणं थांबलं. पावणेदोन महिन्यांत नवी पालवी आली, लाल आणि पिवळी, अगदी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरणारी. आठशेपैकी सातशेच्या वर कुंड्या वाचल्या. गावात सगळ्यांना मी सांगितलं, आमच्या चिट्टय्याने क्रोटन वाचवले. मला तेव्हा ते खोटं वाटलंही नाही. मेस्त्रीच्या हाताखाली जे होतं ते मेस्त्रीचंच, असंच आमच्याकडे धरतात.

नूकरत्नमने ते ऐकलं. त्या दिवसापासून ती खताच्या गोदामात येऊन प्रत्येक पोत्याचं नाव विचारायला लागली. हे कशाने बनतं, हे पानाला लागतं की फुलाला, हे किती दिवस मातीत टिकतं. वाचता येत नव्हतं, म्हणून पोत्यांवरची चित्रं आणि रंग लक्षात ठेवायची. सोड्याच्या बाटलीचं एक झाकण तिने कमरेला दोऱ्याने बांधलं होतं, तेच तिचं माप. जास्वंदीला एवढी झाकणं, इक्झोऱ्याला एवढी, शोभेच्या नेच्याला अर्धंच झाकण, तेही पाण्यात विरघळवून. अनंतलक्ष्मी म्हणायची, या बाईच्या पोरांनासुद्धा भात मोजून मिळत असेल. ते मात्र खरं नव्हतं. तिची दोन्ही पोरं चांगली धष्टपुष्ट होती.

अशी एकोणीस वर्षं गेली. चिट्टय्याचे गुडघे गेले आणि दसऱ्यानंतर तो म्हणाला, आता पुरे. मेस्त्री कोण होणार याबद्दल नर्सरीत कुणाला शंका नव्हती. सत्तिबाबू होणार. चिट्टय्याच्या बहिणीचा मुलगा, पस्तिशीचा, आवाज मोठा, गडी त्याला वचकून. संक्रांतीच्या झुंजीसाठी तो कोंबडा पाळायचा आणि त्याला रोज बदाम चारायचा. झाडांशीही त्याचं तेच, मोकळा हात. लॉरी जायच्या आधी आठ दिवस युरिया आणि पाणी, की झाडं अशी गडद हिरवी होत, की गिऱ्हाईक भाव करायचं विसरे. पुढे गिऱ्हाइकाच्या दारात त्यांचं काय होई, ते आम्ही फार विचारत नव्हतो.

मी सत्तिबाबूला बोलावणार होतो, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी नूकरत्नम माझ्या पडवीत आली. हात पदराला पुसले आणि उभीच राहिली.

"बाबूगारू, मेस्त्रीचं काम मला द्या."

मी हसलो. मुद्दाम नाही, पण आलं हसू. कडियमच्या पंचक्रोशीत एवढ्या नर्सऱ्या, बायका त्यात पुरुषांपेक्षा जास्त, पण मेस्त्री बाई? ऐकलंही नव्हतं. मेस्त्रीची आमच्याकडे एक रीत आहे. रोज पहाटे तो सगळ्या रांगांमधून फिरतो आणि कुठल्या रांगेला आज पाणी, कुठल्या रांगेला नाही, ते सांगतो. त्याने सांगितल्याशिवाय वाल्व्हला कुणी हात लावत नाही. मालकानेसुद्धा लावायचा नसतो, माझ्या बापानेही लावला नाही. एवढा अधिकार.

"गडी तुझं ऐकतील का?" मी विचारलं.

"झाडं ऐकतात. गड्यांचं बघीन."

"सत्तिबाबूत काय कमी आहे?"

"त्याला सगळी झाडं एकच वाटतात. मागल्या वर्षी विजयवाड्याहून बोगनवेलीची लॉरी परत आली, ती कुणामुळे?"

हे तिने माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. विजयवाड्याचे कोटेश्वरराव, चार मोठ्या लग्न-हॉलचे मालक. दर संक्रांतीला त्यांना सहाशे कुंड्या गुलाबी बोगनवेल लागते, फुलांनी डवरलेली. मागल्या वर्षी आम्ही पाठवल्या त्या सहाशे कुंड्या म्हणजे नुसता पाला. त्यांनी तशाच परत पाठवल्या, वर फोनवर विचारलं, "भास्करम, मी शेळ्या पाळल्यात असं तुला कुणी सांगितलं?"

"या वर्षीच्या सहाशेतल्या तीनशे मला द्या," नूकरत्नम म्हणाली. "खत मी ठरवीन, पाणी मी ठरवीन. उरलेल्या तीनशे सत्तिबाबूच्या. संक्रांतीला कोटेश्वरराव येतील तेव्हा बघू."

"आणि तुझ्या फुलल्या नाहीत तर?"

"तीनशेत एक जरी कुंडी बिनफुलाची निघाली, तरी त्याला मेस्त्री करा. मी त्याच्या हाताखाली मान खाली घालून काम करीन."

एक जरी! कुठला शहाणा माणूस अशी अट स्वतःहून घालतो? तीनशेत दहा-वीस तर कीड लागूनच जातात. मी लगेच हो म्हणालो. खरं सांगतो, हो म्हणताना माझ्या मनात होतं, चला, भांडण न करता सुटका झाली. संध्याकाळी सगळ्या कामगारांसमोर अट सांगून टाकली. सत्तिबाबू तिला म्हणाला, "अक्का, आत्ताच वाकून नमस्कार करून ठेव, नंतर गर्दी होईल."

"कोंबड्याला बदाम घातलेस का तम्मुडू? जा, तो वाट बघत असेल," धाकट्या भावाला बोलावं तसं ती म्हणाली. बायका खो खो हसल्या.

ऑक्टोबरच्या शेवटी दोघांनीही आपापल्या बोगनवेली छाटल्या. सत्तिबाबूने नदीच्या गाळाची माती भरून मोठ्या कुंड्यांमध्ये झाडं हलवली, मुळांना ऐसपैस जागा म्हणून. नूकरत्नमने कुंड्या बदलल्याच नाहीत. जुन्याच, लहान, मुळं भरून आलेल्या. वरची दोन बोटं माती काढली, लाल माती, गांडूळखत आणि भाताचं तूस कालवून घातलं, आणि त्यात पोटॅशची दोन झाकणं आणि डीएपीचं एक. युरियाचा कण नाही. तीन आठवडे नीट पाणी घातलं, फुटवे आले. तोवर दोघांच्या रांगा सारख्याच दिसत होत्या, उलट सत्तिबाबूच्या जास्त तजेलदार.

नोव्हेंबरच्या मध्याला तिने पाणी तोडलं.

तोडलं म्हणजे अगदी तोडलं. रोज पहाटे कुंडी उचलायची, खाली ठेवायची, पुढे जायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी पानं दुपारची मान टाकायला लागली की एक भांडं पाणी, तेवढंच. पुन्हा चार-पाच दिवस काही नाही. सत्तिबाबूच्या रांगा हिरव्यागार झुलत होत्या आणि शेजारच्या रांगांमध्ये तिच्या तीनशे बोगनवेली तहानेने कोमेजून उभ्या. मधून जाणारा येणारा विचारायचा, "काय हो, ही झाडं मेली का?"

"तुझं काळीज आहे की दगड?" मी एकदा तिला म्हणालो.

"बाबूगारू, बोगनवेलीला पाणी मिळत राहिलं की ती पानं काढते. तिला वाटलं आता आपलं काही खरं नाही, की ती फुलं काढते. आमच्या माळावर हिला कुणी पाणी घालत नाही. एप्रिलात येऊन बघा."

ते मला पटलं. डोक्याला पटलं. पण डोळ्यांना पटेना.

आता सांगायची नाही ती गोष्ट सांगतो. तिच्या शेवटच्या चाळीस कुंड्या माझ्या पडवीच्या अगदी समोर होत्या. दुपारी जेवून मी पडवीत बसायचो आणि समोर ती चाळीस झाडं मान खाली टाकून उभी. मी या पाण्यातला माणूस. सुकलेलं झाड समोर आणि हाताशी भरलेला हौद, हे मला बघवत नाही. माझ्या बापालाही बघवलं नसतं. नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, मी झारी घेतली. त्या चाळीस कुंड्यांना पोटभर पाणी घातलं. झारीत मूठभर युरियाही टाकला, बिचाऱ्यांना जरा ताकद यावी म्हणून. संध्याकाळपर्यंत पानं ताठ झाली. मला इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या दिवशीही घातलं. तिसऱ्याही. चौथ्याही.

चौथ्या दिवशी नूकरत्नम जेवणाच्या सुटीतून लवकर परत आली. मी नुकताच पडवीत येऊन बसलो होतो. तिने पहिली कुंडी उचलली आणि थांबली. दुसरी उचलली. तिसरी. मग चाळीसच्या चाळीस, एकेक. चाळिसावीनंतर तिची नजर वर आली. माझ्या लुंगीचा सोगा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता.

"जेवण झालं, बाबूगारू?" ती म्हणाली.

"झालं," मी म्हणालो.

ती पुढच्या रांगेला गेली. मी झारी पुन्हा उचलली नाही. तिने त्या चाळीस कुंड्यांना त्यानंतर सगळ्यांत जास्त दिवस कोरडं ठेवलं, हे मी पाहत होतो. पण एवढ्या खतापाण्यानंतर झाडाला पालवीची वाट सापडली होती. रोज नवी कोवळी पानं. मी स्वतःला सांगत होतो, निघतील फुलं, अजून महिना आहे.

डिसेंबरच्या मध्यावर समुद्रात वादळ झालं आणि तीन दिवस पाऊस लागला. तिने महिनाभर जपलेला कोरडेपणा एका तासात जाणार होता. वर घालायला ताडपत्री नव्हती. असलेल्या सगळ्या ऑर्किडच्या शेडवर होत्या. दुपारी पहिली सर आली तेव्हा मी छत्री घेऊन बाहेर आलो, तर ही बाई चिखलात गुडघे टेकून एकेक कुंडी आडवी करत होती. कुंडी आडवी, तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला, की पाऊस मातीत न शिरता बाहेरच्या बाहेर वाहून जाईल.

"झाडं झोपवलीस अक्का? आता अंगाई पण म्हण!" सत्तिबाबू शेडमधून ओरडला.

तिने वर बघितलं नाही. पंधरा-वीस झाल्या असतील तेव्हा मंगायम्मा पदर खोचून तिच्या रांगेत उतरली. "सरक वदिना. तुझ्या एकटीच्या हाताने संक्रांत इथेच होईल." मग दुसरी, तिसरी. माझी अनंतलक्ष्मीसुद्धा चपला काढून गेली. नूकरत्नम प्रत्येकीला एकच सांगत होती, "खोड धरू नका, कुंडी धरा." आडव्या करताना ती पडवीसमोरच्या त्या चाळीसही कुंड्या तितक्याच जपून आडव्या करत होती. मी छत्रीखाली उभा राहून ते बघितलं. छत्री मिटून खाली उतरायला हवं होतं, आणि मी उतरलो नाही.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. तिने सगळ्या कुंड्या उभ्या केल्या. डिसेंबर संपता संपता फांद्यांच्या टोकांना गुलाबी ठिपके दिसायला लागले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिच्या रांगांकडे बघताना माझे डोळे दिपायला लागले. फांदीला पान शोधावं लागत होतं. रस्त्यावरून सायकलवाले थांबून बघायचे. मी तीस-पस्तीस वर्षं बोगनवेल विकतोय, पण स्वतःच्या नर्सरीत अशी बोगनवेल पाहिली नव्हती. आनंद झाला, आणि त्या आनंदात रोज एक काटा टोचत होता, कारण पडवीसमोरची चाळीस झाडं भरगच्च, हिरवी, सुदृढ, आणि फुलांच्या नावाने शून्य.

संक्रांतीच्या चार दिवस आधी सकाळी कोटेश्वरराव आले. सगळी नर्सरी गोळा झाली. चिट्टय्यासुद्धा काठी टेकत आला. कोटेश्वरराव आधी सत्तिबाबूच्या रांगांमधून फिरले. हिरवागार पाला कमरेपर्यंत, मधेमधे एखादा गुलाबी झुबका.

"भास्करम, पालेभाजीचा मळा केलास की काय?" त्यांनी विचारलं. तीनशेतल्या जेमतेम सत्तर त्यांनी निवडल्या.

मग ते नूकरत्नमच्या रांगेत शिरले. रांगेच्या मध्यावर थांबून म्हणाले, "हे कुणी केलं?"

"मी," नूकरत्नम म्हणाली.

"पानं कुठे गेली?"

"मांडवात पानं कोण बघतं, बाबू?"

ते मोठ्याने हसले. एकही कुंडी न वगळता, हाताने दाखवत पुढे पुढे गेले आणि पडवीपाशी येऊन थांबले. "या काय आहेत?"

"या फुलल्याच नाहीत," सत्तिबाबू पुढे आला. त्याने सावकाश, एकेकीवर बोट ठेवत मोजल्या. "चाळीस. अक्का, शब्द तुझाच होता. तीनशेत एक म्हणाली होतीस. एक नाही, चाळीस."

सगळे तिच्याकडे बघत होते. मी तर बघतच होतो. आता ही बोट दाखवणार, असं माझ्या मनात आलं.

"आय्‌," ती होकार देत म्हणाली. "शब्द माझाच होता." हात पदराला पुसले. "मंगा, चल, क्रोटनला पाणी राहिलंय." आणि ती चालायला लागली.

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. कोटेश्वररावांची लॉरी निम्म्याहून जास्त भरणार होती, सत्तिबाबू मेस्त्री, गड्यांची कुरकुर नाही. मला फक्त गप्प बसायचं होतं. बोललो असतो तर मेस्त्रीच्या रांगेत चोरून पाणी घालणारा मालक म्हणून उगादीपर्यंत सगळं कडियम मला हसलं असतं. ती दहा-बारा पावलं गेली, तेवढा वेळ मी गप्प राहिलो. ती बारा पावलं मला आजही आठवतात आणि आजही लाज वाटते.

"थांब," मी म्हणालो. "त्या चाळीस कुंड्यांना पाणी मी घातलं. चार दिवस. दुपारी, सगळे जेवायला गेले तेव्हा. वर युरिया घातला. मला बघवेना म्हणून. तिच्या हाताने दोनशे साठ झाल्या आणि दोनशे साठ फुलल्या. माझ्या हाताने या झाल्या."

पहिला चिट्टय्याच हसला, दात नसलेलं बोळकं उघडून, आणि मग सगळेच. कोटेश्वरराव तर डोळे पुसायला लागले.

"मला माहीत होतं," अनंतलक्ष्मी म्हणाली. "यांच्या लुंग्या मीच धुते."

"मग आता?" सत्तिबाबूने विचारलं. तो हसत नव्हता.

"आता काय? नूकरत्नम मेस्त्री. उद्या पहाटेपासून."

सत्तिबाबू तिच्याकडे बघत राहिला. मग त्या चाळीस कुंड्यांपैकी एक त्याने दोन बोटांनी कडेला धरून उचलली, जोखून बघितली आणि परत ठेवली. "यांचं काय करायचं, अक्का?" हे विचारताना त्याचा आवाज नेहमीपेक्षा बराच लहान होता. लॉरीजवळून गंगराजू म्हणाला, "होईल सवय तुला. मी लग्नापासून हिच्याच हुकमात आहे."

लॉरी भरून निघाली, माणसं पांगली. नूकरत्नम पडवीसमोर वाकून त्या चाळीस झाडांचे शेंडे खुडत होती. मी तिच्याजवळ गेलो.

"तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझी लुंगी बघितलीस तू. मग का नाही बोललीस?"

ती शेंडे खुडत राहिली. "बोलले असते तर कुणी खरं मानलं असतं, बाबूगारू? हरायला लागली म्हणून मालकावर ढकलते, असंच म्हणाले असते. तुम्हीसुद्धा."

म्हणालो असतो. नक्की म्हणालो असतो.

"आणि आज मी गप्प राहिलो असतो तर?"

आता तिने मान वर केली. चेहऱ्यावर ना राग, ना आनंद. रोज पहाटे कुंडी उचलताना असायचा तोच चेहरा.

"तर येत्या ऑक्टोबरला पुन्हा तीनशे कुंड्या मागितल्या असत्या," ती म्हणाली. "तुमच्या पडवीपासून लांबच्या."